अधिकाराखालचा मनुष्य

पाठ : मत्तय ८:५–१३ व लूक ७:१–१०. सोबत वाचावें : योहान १३:१–१७, इफिसकरांस पत्र ५:२१–२९.

देवाच्या अधिकारास मान द्यावा व त्याच्या प्रेमळ सत्तेच्या अधीन व्हावें, हें आपण मंडळींत पुष्कळदां ऐकतों, आणि आपल्यांपैकीं जे उपदेशक आहेत ते पुष्कळदां सांगतातही. परंतु ‘अधिकार’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानांत कोणता अर्थ घेऊन शिरतो, याचा विचार सांगणारा क्वचितच करितो. मींही तो केला नव्हता.

सेमिनरीचा अभ्यास पुरा करून मी नुकताच एका खेड्यांतील मंडळीची सेवा करूं लागलों होतों. एका रविवारीं ‘देव आपला धनी’ या विषयावर मीं मोठ्या उत्साहानें उपदेश केला. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई माझ्यापाशीं आली. तिचें वय तेव्हां पंचाहत्तरीच्या पलीकडे होतें. ती म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या बापाला लई धनी व्हते. पाटील धनी, कुलकर्णी धनी, तालुक्याचा शिपाई आला तर त्यो बी धनी. आता आनि एक धनी कशापायी?” मला कांहीं सुचेना. “आजीबाई, देव तसा धनी नव्हे,” एवढेंच मी म्हणालों. “मंग कसा?” असें विचारून ती क्षणभर थांबली, आणि मी शब्द शोधीत आहें असें पाहून काठी टेकीत घरीं गेली.

तिचा बाप वतनदार महार होता. वतन हा शब्द ऐकून आजच्या तरुणांस तें कांहीं वैभव असावें असें वाटेल, म्हणून थोडें सांगतों. चावडीपुढें हजर राहणें, सरकारी कामगारांचें ओझें वाहणें, वसुलाबरोबर तालुक्यास जाणें, मेलेलें जनावर ओढून नेणें, मयताचा निरोप गांवोगांव पोंचविणें, अशीं कामें त्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत. रात्र असो, पाऊस असो, घरांत कोणी आजारी असो, हांक आली कीं उठावें लागे. मोबदला म्हणजे थोडीशी जमीन व गांवकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेलें बलुतें. सन १८७४ च्या कायद्यानें ही व्यवस्था बांधून टाकिली होती. ती मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनीं सन १९२८ मध्यें मुंबई कायदे कौन्सिलांत बिल आणिलें. तथापि कनिष्ठ वतनें कायद्यानें रद्द होण्यास सन १९५८ उजाडावें लागलें. आपल्या महाराष्ट्रांतील पुष्कळ ग्रामीण मंडळ्या अशाच घराण्यांतून उभ्या राहिल्या आहेत. त्या घराण्यांतील माणसापुढें ‘अधीन व्हा’ असें म्हणणें म्हणजे काय म्हणणें, हें त्या बाईनें मला त्या दिवशीं दाखविलें. तिच्या प्रश्नाचें उत्तर मला पुढें आजच्या पाठांत सांपडलें, म्हणून तो येथें जरा सविस्तर पाहूं.

कफर्णहूम हें गालील समुद्राच्या कांठचें गांव. तेथें जकातीचें नाकें होतें. त्या काळीं गालीलावर हेरोद अंतिपाची सत्ता होती, म्हणून हा शताधिपति रोमी फौजेंतील नसून हेरोदाच्या चाकरींतील असावा असें कित्येक विद्वानांचें मत आहे. तें कसेंही असो. तो विदेशी होता आणि सत्तेच्या बाजूचा माणूस होता. शताधिपतीच्या हाताखालीं नांवाला शंभर, पण प्रत्यक्षांत बहुधा ऐंशीच्या आसपास शिपाई असत. अशा शिपायांस वाटेनें जाणाऱ्या कोणाही माणसाला धरून त्याच्या डोक्यावर ओझें देतां येत असे. डोंगरावरील प्रवचनांत (मत्तय ५:४१) प्रभूनें जो एक कोस जबरीनें चालविण्याचा दाखला दिला आहे तो याच प्रकाराचा. आणि शिमोन कुरेनेकरास वधस्तंभ वाहावयास धरिलें (मत्तय २७:३२) तेंही असेंच. वेठ ती हीच. त्या वृद्ध बाईच्या बापाला कफर्णहूमांतला शताधिपति सांगून ओळखावा लागला नसता.

असा मनुष्य येशूकडे येतो तो कशासाठीं? आपल्या घरांतील आजारी दासासाठीं. त्या काळच्या कायद्यांत दास ही धन्याची मालमत्ता होती. दास निकामी झाला तर दुसरा विकत घ्यावा, अशी जगाची रीत. पण लूक सांगतो कीं तो दास त्याला मोलाचा होता, आणि मोल म्हणजे येथें किंमत नव्हे, हें पुढच्या धडपडीवरून दिसतें. बैलाची किंमत बुडूं नये म्हणून मनुष्य वैद्याकडे जाईल. परंतु दासासाठीं एका फिरत्या यहूदी गुरूपुढें नमून, त्याच्या पायांची धूळ घरास लागावी एवढीही आपली लायकी नाहीं असें राजसत्तेचा अंमलदार म्हणत नाहीं.

लूकाच्या वृत्तांतांत तो स्वतः न येतां आधीं यहूद्यांच्या वडील मंडळींस व मग मित्रांस पाठवितो, आणि मत्तयाच्या वृत्तांतांत स्वतः बोलतो, यावर वादाची आवड असलेला कोणी बोट ठेवीलच. धन्याचा निरोप्या बोलला तें धन्यानें बोलल्यासारखेंच, अशी तेव्हांची समजूत होती व आपल्या खेड्यांत आजही आहे. यावर अधिक वेळ घालवूं नये.

वडील मंडळी काय बोलली तें मात्र नीट वाचावें. त्यांनीं या माणसाची पात्रता मांडिली : याचें आमच्या लोकांवर प्रेम आहे, आमचें सभास्थान यानेंच बांधून दिलें, तेव्हां याचें काम करावें. ही शिफारस आपल्या ओळखीची आहे. ज्यानें देवळाला पत्रे दिले त्याच्या घरीं पाळकानें आधीं जावें, असें आपल्या पंचांनाही वाटतें, आणि पाळकांनाही वाटत नाहीं असें नाहीं. पण ज्याच्या नांवानें ही शिफारस केली तोच मागून निरोप पाठवितो कीं मी पात्र नाहीं; आपण येण्याचे श्रम घेऊं नयेत; केवळ शब्द बोलावा म्हणजे पुरे.

मग तो आपल्या विश्वासाचें कारण सांगतो, आणि येथें या पाठाचा गाभा आहे. आपण स्वतः दुसऱ्याच्या अधिकाराखालीं आहों आणि आपल्या हाताखालीं शिपाई आहेत. एकास जा म्हटलें कीं तो जातो, दुसऱ्यास ये म्हटलें कीं तो येतो. वाचतांना आपण बहुधा दुसऱ्या अर्ध्यावर भर देतों : याचे हुकूम मानले जातात, तसे येशूचेही मानले जातील. पण त्यानें पहिलें अर्धें आधीं सांगितलें. मी अधिकाराखालचा आहें, असें तो प्रथम म्हणतो. त्याच्या हुकुमांत जें वजन आहे तें त्याच्या दंडाचें नव्हे. ऐंशी शिपाई एका शताधिपतीस सहज लोळवितील. तो ज्याच्या हाताखालीं आहे त्याचें वजन त्याच्या शब्दांत उतरतें.

मूळ ग्रीक भाषेंत सामर्थ्यासाठीं एक शब्द आहे, ‘दुनामिस’, आणि अधिकारासाठीं दुसरा, ‘एक्सूसिया’. शताधिपतीनें दुसरा वापरिला. दोहोंतला भेद रस्त्यावर रोज दिसतो. भरलेली मालमोटार भरधाव येत असते. चौकांतला पोलीस हात वर करितो आणि ती थांबते. मोटारीपुढें त्याचें बळ तें किती? पण त्याच्यामागें सरकार उभें आहे. उद्यां तो बडतर्फ झाला आणि तसाच हात वर करून उभा राहिला, तर मोटार त्याच्या अंगावरून जाईल. आणखी एक गोष्ट आहे. तोच पोलीस सरकारासाठीं नव्हे तर आपल्या खिशासाठीं मोटार थांबवूं लागला, तर मोटार अजूनही थांबते खरी. परंतु तेव्हां तो अधिकाराखालून निघालेला असतो. अंगावरचा गणवेश तेवढा सरकारी राहतो. हा दाखला ध्यानांत ठेवावा. पुढें आपणां उपदेशकांसंबंधानें त्याची गरज पडेल.

शताधिपतीनें येशूकडे पाहून ओळखलें तें हें कीं हाही अधिकाराखालचा आहे. आजारानें त्याचें ऐकावें, कारण तो स्वतः पित्याचें ऐकतो. योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभु हेंच अनेकदां सांगतो (५:१९, ५:३०, ८:२८-२९) : पुत्र आपल्या मनानें कांहीं करीत नाहीं, पित्यास आवडेल तें तो सर्वदा करितो. शास्त्री वर्षानुवर्षें नियमशास्त्र वाचून जें पाहूं शकले नाहींत तें या शिपाई माणसास छावणींतल्या शिस्तीनें शिकविलें, आणि प्रभूनें आश्चर्य केलें. प्रभूनें आश्चर्य केल्याचें शुभवर्तमानांत दोनच ठिकाणीं लिहिलें आहे : येथें एका विदेश्याच्या विश्वासाचें, आणि मार्क ६:६ मध्यें आपल्याच गांवच्या लोकांच्या अविश्वासाचें.

आतां त्या वृद्ध बाईचा प्रश्न पुन्हां घेऊं. मग हा धनी कसा? पहिलें उत्तर हें कीं ज्या पुत्राच्या हातीं पित्यानें आपल्यावरील सत्ता दिली तो पुत्र स्वतः अधीन होऊन आला. गांवचा जुना अधिकारी दुसऱ्यास जें सांगे तें स्वतः कधीं करीत नसे. ओझें सांगणारा निराळा व वाहणारा निराळा. गेथशेमाने बागेंत पुत्रानें आपली इच्छा बाजूस ठेवून पित्याची मान्य केली, आणि ती हंसत हंसत नव्हे, तर घाम गाळीत केली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत (५:८) तर असें आहे कीं पुत्र असूनही तो सोसलेल्या दुःखांनीं आज्ञापालन शिकला. आज्ञा पाळण्याचा भार किती असतो हें आपल्या धन्यास ऐकून नव्हे, वाहून ठाऊक आहे.

दुसरें उत्तर योहानाच्या १३ व्या अध्यायांत आहे. येथें वचनांचा क्रम पाहावा. पित्यानें आपल्या हातीं सर्व कांहीं दिलें आहे हें येशूला ठाऊक होतें, असें तिसऱ्या वचनांत सांगून, लागलेंच चौथ्यांत तो जेवणावरून उठला व त्यानें कमरेस रुमाल बांधिला असें लिहिलें आहे. मध्यें ‘तरीही’ असा शब्द नाहीं. सर्व अधिकार हातीं असूनही तो खालीं बसला, असें नव्हे. अधिकार हातीं आहे हें जाणून त्यानें जें पहिलें केलें तें गंगाळांत पाणी ओतणें. आपल्याकडे पाहुण्यास पाय धुण्यास पाणी देतात, पण दुसऱ्याचे पाय हातांत धरून धुवावयाचे ते वराचे किंवा गुरूचे, म्हणजे लहानानें मोठ्याचे. येथें उलट आहे. पेत्रास तें सोसलें नाहीं, यांत नवल नाहीं.

हा भाग मीं त्या बाईच्या ओसरीवर वाचून दाखविला तेव्हां ती बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, “यहूदा तवा तितंच व्हता का?” होता, असें मीं सांगितलें, तो त्यानंतर रात्रीं बाहेर गेला. “मंजी त्याचं बी पाय धुतलं.” मी म्हणालों, “होय, आजीबाई, त्याचेही.” तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. पण त्यानंतर प्रार्थना करितांना ती देवाला धनी म्हणूं लागली. तोंवर तो शब्द मीं तिच्या तोंडीं ऐकिला नव्हता.

मात्र एवढ्यावरून कोणी असें समजूं नये कीं हा धनी पाय धुतो म्हणून हुकूम करीत नाहीं. रुमाल सोडून तो पुन्हां आसनावर बसला आणि त्यानें हुकूमच केला (१३:१२-१७) : जसें मीं केलें तसें तुम्ही करा. प्रेमळ अधिकार हा सैल अधिकार नव्हे. आपल्या एका मंडळींत एक शेतकरी होता. त्यानें वर्षानुवर्षें दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध थोडथोडा कोरला होता. एका हंगामांत वीतभर, दुसऱ्यांत आणखी वीतभर. शेजारी विधवा बाई, बोलणार कोण? प्रभुभोजनाच्या आधींच्या तयारीच्या सभेंत जक्कयाचा वृत्तांत वाचला गेला. दुसऱ्या दिवशीं तो मोजणीची सांखळी मागावयास आला. त्याचीं मुलें रागावलीं, भाऊ बोलेनासा झाला. जमीन काळी होती, आणि त्या पट्ट्यांत ज्वारी चांगली येत असे. बांध पूर्वीच्या जागीं गेला. अधीन होणें याचा अर्थ खेड्यांत बहुधा असाच कांहीं असतो : तोललेल्या मापांत, सोयरिकींत मागितलेल्या हुंड्यांत, संध्याकाळच्या दारूच्या बाटलींत, भावाशीं पंधरा वर्षें धरलेल्या अबोल्यांत धन्याचा शब्द चालू देणें. गीतें म्हणतांना अधीन होणें सोपें आहे.

प्रभूनें याला जूं म्हटलें आहे (मत्तय ११:२९-३०), आणि शेतकऱ्यास हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाहीं. जूं ओबडधोबड असलें कीं बैलाची मान सोलते व खांद सुजते. सुतारानें तें त्या मानेला बेतून, तासून घेतलें असलें तर तोच बैल दिवसभर ओढतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपले शेतकरी बैलाची खांद लोणी-हळद लावून मळतात. ज्यानें जुंपलें त्यालाच ती खांद किती दुखते हें ठाऊक असतें. मार्क ६:३ वरून प्रभु सुतार होता. त्यानें जूंही तासलें असेल. नव्या गोऱ्ह्याला शिकवावयाचें तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. एकट्याला जुंपून कोणी शिकवीत नाहीं.

इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायांत पिता मुलास शिस्त लावतो असें आहे, तें खरें आहे. पण उपदेशकांस विनंति कीं हें वचन मयताच्या घरीं नेऊं नये. ज्या आईचें मूल काल गेलें तिला ‘देवानें तुला शिक्षा केली’ असें म्हणण्याचा हुकूम आपणांस कोणी दिलेला नाहीं. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं असाच तर्क केला तेव्हां प्रभूनें तो नाकारला (योहान ९:३).

आतां कठीण भागाकडे येतों. देवाचा अधिकार आपणांपर्यंत बहुधा माणसांच्या तोंडून येतो, आणि माणसें त्यांत आपलें मिसळतात. म्हणून देवाच्या अधीन होणारा मनुष्य, देवाच्या नांवानें बोलणाऱ्या प्रत्येकाच्या अधीन होत नाहीं. पुष्कळदां होऊं शकतही नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत (५:२९) पेत्रानें सन्हेद्रिन सभेपुढें हेंच सांगितलें, आणि ती सभा कांहीं दरोडेखोरांची नव्हती. देवाच्या लोकांचे ते नेमलेले वडील होते.

आपल्या महाराष्ट्र मंडळींत याचें उदाहरण पंडिता रमाबाईंचें आहे. सन १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील ज्या भगिनींनीं त्यांस आसरा दिला त्यांचें उपकार त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहींत. परंतु चर्चनें व वडिलांनीं ठरविलेली प्रत्येक गोष्ट न तपासतां मान्य करावी अशी अपेक्षा होऊं लागली, तेव्हां त्यांनीं पत्रांतून स्पष्ट कळविलें कीं एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर तसेंच दुसरें घेण्यास मी तयार नाहीं. त्यावर कित्येकांनीं त्यांस गर्विष्ठ म्हटलें. त्या वेळच्या प्रत्येक मतभेदांत त्यांचेंच बरोबर होतें असें माझें म्हणणें नाहीं. त्रैक्याच्या सिद्धांताविषयींच्या त्यांच्या तेव्हांच्या शंकांशीं मी सहमत नाहीं. पण ही बाई अधीन होणारी नव्हती असें म्हणणाऱ्यांनीं पुढचें आयुष्य पाहावें. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत तिनें शेंकडों मुली व विधवा गोळा करून केडगांवास आणिल्या. उतारवयांत इब्री व ग्रीक शिकून, खेड्यांतील बायकांस कळेल अशा सोप्या मराठींत तिनें सर्व शास्त्राचें भाषांतर केलें. सन १९२२ मध्यें ती प्रभूकडे गेली, आणि तें भाषांतर सन १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्या शब्दाखालीं ती राहिली तो प्रत्येक बाईला स्वतः वाचतां यावा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागूं नये, म्हणून हा सारा खटाटोप.

यानंतर मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावांचून हा पाठ लिहिण्याचा मला हक्क नाहीं.

सेवेच्या तिसऱ्या वर्षीं एक तरुण स्त्री रात्रीं आमच्या घरीं आली. नवरा दारू पिऊन मारी. ओठ फुटला होता आणि कडेवर मूल होतें. माझ्या पत्नीनें तिला जेवूं घातलें, निजावयास जागा दिली. सकाळीं पंच आले. त्यांच्यांतील एकानें इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय उघडून २२ वें वचन वाचलें, आणि सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मंडळींत बोभाटा होऊं नये, कुटुंब मोडूं नये, आणि, खरें सांगावयाचें तर, पंचांशीं वांकडें येऊं नये, म्हणून मी तिला म्हणालों, “ताई, देवाची इच्छा अधीन राहण्यांत आहे. घरीं जा, मी त्याला समजावीन.” ती गेली. जातांना ती रडली नाहीं. माझी पत्नी त्या दिवशीं माझ्याशीं बोलली नाहीं. पंधरा दिवसांनीं तिचा हात मोडल्याचें कळलें, तें दुसऱ्या गांवच्या दवाखान्यांतून.

मी ग्रीक शिकलेला होतों. मला ठाऊक असावयास हवें होतें कीं अत्यंत जुन्या हस्तलिखितांत २२ व्या वचनास स्वतःचें क्रियापदच नाहीं. तें २१ व्या वचनांतून घ्यावें लागतें, आणि २१ वें वचन ख्रिस्ताच्या भयांत सर्वांनीं एकमेकांच्या अधीन व्हावें असें सांगतें. त्यापुढें २५ पासून २९ पर्यंत पौल पतीला जें सांगतो तें पत्नीला सांगितलेल्याहून कितीतरी लांब व जड आहे : ख्रिस्तानें मंडळीसाठीं स्वतःला दिलें तसें त्यानें स्वतःला द्यावें, तिला आपल्या शरीराप्रमाणें जपावें. हें त्या नवऱ्यापुढें कोणीं वाचलें? पंचांनीं नाहीं, मींही नाहीं. चौकांतला तो पोलीस आठवावा. त्या सकाळीं मीं हात वर केला आणि ती बिचारी थांबली, कारण माझ्या अंगावर गणवेश होता. पण मी तेव्हां अधिकाराखालीं नव्हतों. मी पंचांच्या मर्जीखालीं होतों आणि तिला तें देवाचें नांव सांगितलें.

मी दवाखान्यांत जाऊन तिची क्षमा मागितली. तिनें क्षमा केली कीं नाहीं हें तिनें मला सांगितलें नाहीं, आणि मीं विचारणें योग्यही नव्हतें. ती माहेरीं राहिली, शिवण शिकली, मुलाला शिकविलें. पुढच्या रविवारीं मीं मंडळीपुढेंही चूक कबूल केली. त्यावर दोन पंच उठून गेले; त्यांतील एक पुढें परत आला.

तेव्हांपासून अशी बाई दारीं आली तर मी आधीं तिला सुरक्षित ठेवितों, मग नवऱ्याकडे जातों, आणि एकटा जात नाहीं. सन २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणें तिला राहत्या घरांत राहण्याचा व संरक्षणाचा आदेश मागण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीं सरकारनें संरक्षण अधिकारी नेमिलेले असतात. उपदेशकांनीं हा कायदा वाचून ठेवावा आणि आपल्या भागांतील त्या अधिकाऱ्याचा पत्ता वहींत लिहून ठेवावा. शताधिपतीनें आपला अधिकार दासासाठीं वापरिला. गांवांत आपणां पाळक-उपदेशकांना जो कांहीं मान आहे तो कोणाच्या उपयोगी पडतो, हें आपल्या वहीवरून दिसेल.

पाठ शिकविणारांसाठीं थोडें. लूकांतील भाग एखाद्या तरुण मुलाकडून सावकाश वाचवून घ्यावा. वाचून झाल्यावर लगेच समजावूं लागूं नये. ‘धनी’ म्हटलें कीं तुमच्या डोळ्यांपुढें कोण येतो, असें आधीं विचारावें, आणि म्हाताऱ्या माणसांस प्रथम बोलूं द्यावें. ते जें सांगतील तें कडू असेल. तें अडवूं नये, आणि ‘आतां तसें राहिलें नाहीं’ असें म्हणून झांकूंही नये. मग योहानाचा १३ वा अध्याय वाचावा. बायका मागें बसल्या असल्या तर त्यांना पुढें बोलवावें, कारण इफिसकरांस पत्राचा भाग वाचतांना तो २१ व्या वचनापासून सुरू झाला कीं नाहीं हें त्यांनीं ऐकिलें पाहिजे. यहूदाविषयीं कोणी विचारीलच. त्याचे पाय धुतले गेले तेव्हां तो तेथेंच होता, हें ११ व्या वचनावरून दाखवावें, आणि तो उठून गेला तें ३० व्या वचनांत आहे.